मार्टिनच्या आईला समजेल असं

घरत सरांचा विषय निघाला की आमच्या कॉलेजात अजून दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढा हुशार माणूस, परदेशात लेसरवर काम केलेला, आणि रोह्यात बारावीच्या पोरांचे पेंड्युलम मोजत बसला, फुकट गेला. दुसरा म्हणतो, हुशारबिशार काही नाही, तिकडून हाकलला म्हणून इथं आला. मी फिजिक्सच्या लॅबची असिस्टंट. दोन्ही तट चहाला माझ्याच टेबलाशी येतात, त्यामुळे दोघांचंही ऐकते आणि गप्प बसते. माझ्या तोंडाला गप्प बसायची सवय नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते बघतात माझ्याकडे जरा चमकून. खरं काय झालं ते मला माहीत आहे. माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं हल्ली फार वाटतं.

सर पेणचे. नाव नरेश, पण इकडे ते फक्त त्यांच्या आईच्या तोंडी. वडिलांचा गणपतीचा छोटा कारखाना होता. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा सर परदेशातलं काम सोडून आले, आणि आमच्याकडे जागा निघाली म्हणून लागले. रोज सकाळी पेणहून गाडीने यायचे, स्टेशनवरून पायी. फुल शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि वरच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. पेन विसरतील, पट्टी नाही. लोक उगाच मोबाईल काढून बघतात तशी ते ती पट्टी काढायचे.

पहिल्याच आठवड्यात मी बोलता बोलता म्हटलं, “आमचा सिलिंडर बरोबर सव्वा महिना जातो.”

“मोजलंय?” सरांनी विचारलं.

“सर, संसार माझा, शेगडी माझी. मोजायचंय काय त्यात?”

“मग बरोबर म्हणू नका. अंदाजे म्हणा.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी जाऊन भिंतीवर खडूने तारीख लिहिली. सिलिंडर एकतीस दिवसांत संपला. हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तर असा माणूस. “मोजलंय?” हा त्यांचा एकच शब्द, आणि त्या शब्दाने पोरांच्या नाकी नऊ आणले. डिसेंबर उलटला की जर्नलं सर्टिफाय करायची घाई असते. पोरं काय करतात, मागच्या वर्षीच्या कुणाच्यातरी जर्नलातली रीडिंग उतरवतात. आम्हीही बघून न बघितल्यासारखं करतो. घरत सरांनी पहिल्या वर्षी सगळ्या वर्गाची जर्नलं परत केली. त्या पोरांना म्हणाले, “ही तारीख टाकलीत त्या दिवशी सोडियम लॅम्प बंद होता. कुंदाताईंनी चोक दुरुस्तीला दिला होता. मग ही रीडिंग कुठल्या उजेडात घेतलीत?” पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली की जसा काही चोक मीच जाळला.

प्रकरण प्रिन्सिपॉलांपर्यंत गेलं. ते वर आले आणि म्हणाले, “सर, एक्स्टर्नल येतील परवा. सह्या करून टाका.”

सरांनी मान हलवली. “मी एकदा न मोजलेल्या गोष्टीवर सही केलीय, सर. परत नाही करणार.”

त्या पोरांना सगळे प्रयोग परत करावे लागले, आणि मला तीन दिवस साडेसहापर्यंत थांबावं लागलं. घरी नवऱ्याची सेकंड शिफ्ट, सासूबाईंचं जेवण अडकलेलं. मी सरांना मनातल्या मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरा प्रसंग वासाचा. आमच्या कॉलेजला धाटावच्या केमिकल कंपन्यांकडचं वारं लागतं. एका दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना असा काही वास आला की नाकात मिरची भरल्यासारखं झालं. कुठल्या कंपनीचा ते कधीच कळलं नाही, तसं ते कळतही नाही. पोरं खोकायला लागली. मी म्हटलं, “सर, चला, सगळ्यांना बाहेर काढू.” सर म्हणाले, “एक मिनिट. लिटमस ओला करून बघतो.” आता काय बोलणार? मी त्यांच्याकडे पाठ केली, पोरांना ओरडले, “बॅगा ऱ्हाऊ द्या, ओढण्या तोंडाला लावा, चला,” आणि सगळी वरात मागच्या जिन्याने ग्राउंडवर नेली. सर दहा मिनिटांनी आले. डोळे लाल, खोकून खोकून वाकलेले, हातात लाल झालेला निळा लिटमस.

“तुमचं बरोबर होतं, कुंदाताई. आम्ल आहे.”

“ते माझ्या नाकाला मगाशीच कळलं व्हतं,” मी म्हटलं.

पोरं हसली. सरही हसले. मीही तेव्हा हसले. आज तो प्रसंग आठवला की हसू येत नाही. कळलेली गोष्ट हातात धरून हा माणूस खोलीत थांबला होता, आणि थांबण्यात आपण काही चुकतोय असं त्याला जराही वाटलं नव्हतं.

ते तिकडे काय करत होते, हे मला त्यांच्या कारखान्यात कळलं. आमचा गणपती पेणचाच असतो. एका वर्षी म्हटलं, चला, सरांकडेच सांगू. गेले तर सर मांडीवर मूर्ती घेऊन पॉलिश पेपरने सोंड घासत बसलेले, केसांवर, पापण्यांवर पांढरी भुकटी. वडील कोपऱ्यात खाटेवर. आईंनी पोह्याचे पापड भाजून आणले.

मी आपलं सहज विचारलं, “सर, तुम्ही लेसर लेसर म्हणता ते नक्की काय व्हतं?”

सरांनी फळीवरचा सहा इंची नमुना उचलला. “हा बघा. यावरून पाच फुटी मूर्ती करायची. यात सोंड केसभर कलली तर मोठ्या मूर्तीत किती कलेल?”

“बोटभर.”

“बास. तेच माझं काम.”

मग त्यांनी सांगितलं. इलेक्ट्रॉनांचा एक घोळका जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवायचा आणि चुंबकांच्या लांबच लांब रांगेतून न्यायचा. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. घोळका नागमोडी पळतो आणि पळता पळता प्रकाश टाकतो. पण त्यात प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या मनाचा राजा. उजेड प्रचंड, ताळमेळ काही नाही. म्हणून सुरुवातीलाच त्या घोळक्याला एका स्वच्छ लेसरचा बारीक झटका द्यायचा. त्याला सीड म्हणतात, बीजच ते. त्या तालावर इलेक्ट्रॉन रांगा धरतात, आणि मग जो प्रकाश निघतो तो सगळा एका ठेक्यातला. शिवाय त्याची लहर मूळ लेसरच्या लहरीपेक्षा कितीतरी आखूड.

“आखूड कशाला पायजे?”

“लहर जितकी आखूड तितकं बारीक दिसतं. अणू जागचे हलताना दिसले असते.” सरांनी सोंडेवर फुंकर मारली. “पण लहर जितकी पट आखूड करायची, तितकी पट बीजातली चूक मोठी होते. बीज केसभरही कललेलं चालत नाही.”

“मग जमलं का?”

“नाही. आम्हाला ती मशीन पाच दिवस मिळाली होती. पडद्यावर एक सरळ रेघ यायला हवी होती, चिंध्या आल्या. सीड लेसर मळका होता, असं रिपोर्टात आहे.”

तेव्हा त्यांच्या आई म्हणाल्या, “येवढं सगलं करून आला नि आता सोंड घासतोय.” सर सोंड घासतच राहिले. मला मात्र ते ‘असं रिपोर्टात आहे’ जरा खटकलं. आपण केलेल्या कामाबद्दल माणूस असं तिसऱ्याचं असल्यासारखं का बोलतो, असं मनात आलं. पण पापड चांगले होते, आणि मूर्तीचा रंग ठरवायचा होता.

त्यानंतरच्या वर्षी ते वर्गात घडलं. सर फळ्यावर लाट शिकवत होते, मी मागे कपाटात लेन्स लावत होते. त्यांनी एक उंचवटा काढला आणि बाण काढून सांगितलं, ही लाट उजवीकडे चालली आहे. त्याच्याखाली तीच लाट वेळेच्या ग्राफवर काढली. पलीकडच्या वाडीवरची एक मुलगी होती, सुगंधा वाघमारे. कधी तोंड उघडायची नाही. ती उभी राहिली.

“सर, लाट उजवीकडं चाललीय तर तिचं उजवं टोक आधी पोचणार ना? पण खालच्या ग्राफात डावीकडचं आधी हाय.”

“बरोबर,” सर म्हणाले. “वरचं चित्र अंतराचं, खालचं वेळेचं. अंतराच्या चित्रात पुढचं टोक उजवीकडे, वेळेच्या चित्रात तेच टोक डावीकडे. म्हणजे एकातून दुसऱ्यात नेताना...”

आणि थांबले. खडू तसाच फळ्याला टेकलेला. पोरांना वाटलं, आता पुढचं सांगतील. तास संपल्याची बेल होईपर्यंत सर तसेच फळ्याकडे तोंड करून उभे होते. मग डार्क रूममध्ये गेले आणि तीनपर्यंत बाहेर आले नाहीत. मी चहा घेऊन गेले तर टेबलावरच्या दिव्याखाली प्रॅक्टिकलच्या स्लिपांची पाठकोरी चळत, आणि प्रत्येकीवर तोच उंचवटा काढलेला.

“काय झालं, सर?”

“कुंदाताई, तिथे दोन जातींची माणसं एका मशीनवर काम करायची. लेसरवाली आणि मशीनवाली. लेसरवाले वेळेच्या हिशेबात बोलतात, त्यांचं पुढचं टोक डावीकडे. मशीनवाले अंतराच्या हिशेबात बोलतात, त्यांचं पुढचं टोक उजवीकडे. दोघांच्या मध्ये मी. याचे आकडे त्याला नेऊन द्यायचं काम माझं.”

“मग?”

“मग काही नाही. मोजून बघायला हवं.”

मला वाटलं, जुनं एखादं गणित सुटलं असेल. त्या दिवसापासून मात्र त्यांनी नवीन खूळ काढलं. ग्राफ कुठलाही असो, पोराने त्यावर बाण काढून ‘पुढचं टोक’ असं लिहिलंच पाहिजे. ओहमच्या नियमाच्या ग्राफला कसलं आलंय पुढचं टोक? पण नाही. बाण नाही तर सही नाही. पोरं त्यांना ‘टोक सर’ म्हणायला लागली. मीही म्हणायचे, कशाला खोटं बोलू.

आणि सुरू झाले अर्ज. वर्षातून दोनदा. परदेशातल्या त्या मशीनवर काम करायला वेळ मागायचा असतो, त्याचे अर्ज. सर पंधरा-पंधरा दिवस लॅबच्या कॉम्प्युटरवर बसायचे. आमच्या कॉलेजचं नाव बघून तिकडच्यांना काय कळणार, म्हणून मोठ्या संस्थेतल्या एका ओळखीच्या प्रोफेसरांचं नाव जोडायचे. दोन-तीन वेळा जोडलं, मग त्या प्रोफेसरांनी फोन घेणं सोडलं. उत्तर यायच्या दिवशी सर डबा उघडायचे नाहीत. मी विचारायची, “सर, लागली का लॉटरी?” ते म्हणायचे, “प्रस्ताव चांगला आहे म्हणतात. पण यावेळी नाही.” पुढच्या खेपेला हेच. त्याच्या पुढच्या खेपेला हेच. त्यात वडील गेले, कारखाना दुसऱ्याला चालवायला दिला, सरांचे केस पांढरे झाले. अर्ज चालूच.

मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. एवढं काय अडलंय, असं वाटायचं. माणसाने एखादी गोष्ट सोडून द्यावी. मला काय माहीत त्यात दुसऱ्या माणसाचा जीव अडकलाय ते.

शेवटी एका जूनमध्ये उत्तर आलं, ते नेहमीचं नव्हतं. सरांनी ते मला वाचून दाखवलं. चुंबकांची ती रांगच काढून टाकली होती, तिथे नवीन काहीतरी बसवणार होते. म्हणजे तो प्रयोग आता तिथे कुणालाच करता येणार नव्हता. सरांनी कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाले, “आता मार्टिनला कळवायलाच हवं.”

“कोण मार्टिन?”

तेव्हा पहिल्यांदा कळलं. मार्टिन हा त्यांचा तिकडचा जोडीदार, सीड लेसर सांभाळणारा. रोज सगळ्यांच्या आधी येऊन आरसे पुसणार, लेसर तपासणार, वहीत लिहिणार. लेसरच्या त्या झटक्यात पुढून मागे रंग किंचित बदलत जातो, आणि इलेक्ट्रॉनांच्या घोळक्यातही पुढचे आणि मागचे सारख्या जोराचे नसतात. हा तिरपेपणा त्या तिरपेपणाने कापायचा, म्हणजे सरळ रेघ मिळते. किती कापायचं ते गणित सरांचं. सरांनी पुढचं टोक मागे धरलं. कापण्याऐवजी दोन्ही तिरपेपणांची बेरीज झाली, आणि लहर आखूड करताना ती तितक्या पटीने वाढली. चिंध्या आल्या त्या त्याच्या. पण तेव्हा सगळे म्हणाले, गणित तर बरोबर आहे, मग लेसरच मळका असणार. रिपोर्ट तसा लिहिला. मार्टिनचा लेसर परत मोजून न बघता खाली सही केली ती सरांनी.

“आणि मार्टिन काय म्हणाला?”

“म्हणाला, नरेश, तुझं गणित कधी चुकत नाही, म्हणजे माझाच कुठलातरी आरसा पुसायचा राहिला असेल. वर्षाच्या शेवटी त्याचं काँट्रॅक्ट संपलं. पुढे दिलं नाही.”

सरांनी मार्टिनला मेल केला, तो परत आला. मग त्याच्या घरच्या पत्त्यावर कागदी पत्र पाठवलं. दीड महिन्याने उत्तर आलं ते त्याच्या बहिणीचं. मार्टिन दोन वर्षांपूर्वी गेला, हार्ट अटॅकने. लेसरचं काम त्याला परत कुठे मिळालं नाही, चष्म्याच्या दुकानात होता. एक काच चार-चार वेळा पुसायचा, मालक चिडायचा. घरी कुणी तो विषय काढला तर एवढंच म्हणायचा की नरेशचं गणित बरोबर होतं. बहिणीने पुढे लिहिलं होतं: तुमचं पत्र आम्हाला समजलं नाही, आम्ही शास्त्रातली माणसं नाही. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती एकच विचारते, चूक माझ्या मुलाची होती की नाही? तिला समजेल अशा शब्दांत लिहा.

सर हे पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी वालाची उसळ गरम करत होते.

“कुंदाताई, मला हे सोपं लिहिता येत नाही. चार वेळा लिहिलं. मी तुम्हाला मराठीत सांगतो, तुम्ही मार्टिनची आई आहात असं समजा. जिथे कळणार नाही तिथे थांबवा. मग मी ते इंग्रजीत करतो.”

चार दिवस डब्याच्या सुट्टीत हे चाललं होतं. मी काय थांबवायची, पावलोपावली थांबवायची. इलेक्ट्रॉन म्हणजे काय ते तिला नको, नुसतं बारीक कण म्हणा. तिरपेपणा नको, कललेलं म्हणा. गणपतीचा नमुना तिला कळणार नाही, सदरा बेतायचा कागद म्हणा, तिने पोरांचे सदरे शिवले असतील. सर निमूटपणे खोडत होते. आमच्या कॉलेजचा सगळ्यात शिकलेला माणूस माझ्यासारख्या बारावी पास बाईपुढे बसून विचारतोय, हे वाक्य कळलं का, आणि मी म्हणतेय, नाय कळलं, परत सांगा. मला तेव्हा भरून आलं होतं. वाटलं, चला, उशिरा का होईना, माणूस चांगलं काम करतोय.

चौथ्या दिवशी पत्र झालं. सरांनी पहिल्यापासून वाचलं. “तुमच्या मुलाचा लेसर स्वच्छ होता. चूक माझी होती. मी पुढचं टोक मागे धरलं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी त्याच्यावर ठेवला नाही.” शेवटपर्यंत नीट कळत होतं. कुणालाही कळलं असतं.

मी म्हटलं, “सर, सगळं कळलं. फक्त एक राहिलं. ही चूक तुमाला कधी कळली?”

सरांनी कागद खाली ठेवला. “ते त्यांनी विचारलेलं नाही.”

“विचारतील. आई हाय ती. मी विचारलं ना?”

बाहेर पोरं व्हॉलीबॉल खेळत होती. सरांनी खिशातली पट्टी काढली आणि परत ठेवली. मग म्हणाले, “सुगंधाने विचारलं त्या दिवशी.”

मी बोटांवर मोजलं. सुगंधाला आता दोन मुलं आहेत. सात वर्षं झाली होती त्या गोष्टीला. मार्टिनला जाऊन दोन.

“म्हणजे पाच वर्षं तो माणूस जिवंत व्हता, सर.”

“हो.”

“मग तेव्हाच का नाय कळवलंत?”

“मोजलं नव्हतं.” हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की माझा हात कपाळाला गेला. “नुसतं कागदावर होतं, कुंदाताई. उद्या तेही चुकलं असतं तर? एकदा त्याला सांगायचं, चूक तुझी नव्हती, आणि मग परत सांगायचं, नाही, तुझीच होती. रिपोर्टावर न मोजता सही केली तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा असं करायचं नाही. मशीन मिळाली असती तर दोन दिवसांचं काम होतं. सरळ रेघ काढायची, ती त्याला पाठवायची. नुसता शब्द नाही, रेघ.” मग खाली बघून म्हणाले, “आणि मलाही बघायची होती ती रेघ. हेही खरं आहे.”

मी फार वाईट बोलले त्या दिवशी. “सर, माणसाला चार शब्द सांगायला मशीन लागत नाय. त्याला रेघ नको व्हती. त्याला तुम्ही फोन करायला हवा व्हता,” असं बोलले. “तो तिकडं काचा पुसत बसला नि तुम्ही इथं अर्ज लिहीत बसलात,” असंही बोलले. सर एका शब्दाने उलटून बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पत्राच्या शेवटी जागा केली आणि वर्ष आणि महिना लिहिला, त्याखाली लिहिलं, तेव्हापासून मला माहीत होतं. मी म्हटलं होतं म्हणून लिहिलं. आता वाटतं, मी ते विचारलंच नसतं तर? ती म्हातारी आपल्या मुलाची चूक नव्हती एवढंच वाचून राहिली असती, आणि सर अजून इथे असते. पण मग ते पत्र खरं नसतं झालं. मला अजून ठरवता येत नाही.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, सर मला रोहा स्टेशनवर भेटले. मी नणंदेला घ्यायला गेले होते, तिची गाडी यायची होती. सर पेणच्या गाडीसाठी बाकड्यावर बसले होते. खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मार्टिनच्या बहिणीचं उत्तर. इंग्रजी सोपं होतं, मलाही कळलं.

आईला सगळं समजलं, तिने दोनदा वाचून घेतलं, असं होतं. चूक त्याची नव्हती हे आता ती शेजाऱ्यांनाही सांगते. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत त्याबद्दल आभार. मग खाली दोन ओळी. तुम्हाला कळलं त्या वर्षी मार्टिन आईकडेच राहायला आला होता. आमचा फोन नंबर तेव्हाही हाच होता. आणि त्याखाली नंबर.

मी कागद परत दिला. एवढंच विचारलं, “हा नंबर तुमच्याकडं व्हता, सर?”

“पाठ होता,” सर म्हणाले.

गाडी आली. ते उठले, पायजम्याची धूळ झटकावी तशी पँट झटकली आणि चढून पलीकडच्या खिडकीशी बसले. सोमवारी ते कॉलेजला आले नाहीत. राजीनामा पोस्टाने आला. पेणच्या घराला आता कुलूप आहे आणि ते आईला घेऊन कुठे गेले ते कुणाला नक्की सांगता येत नाही. मला त्यांचं शेवटचं आठवतं ते त्या खिडकीतलं. गाडी सुटेपर्यंत कागद मांडीवर ठेवून, त्याच्याकडे न बघता, ते ओठ हलवून एकेक आकडा म्हणत होते.